डबा रिकामा द्यायचा नसतो

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुजातवर ओरडत होते. वीज आली म्हणून पोरगं मोटर लावायला शेतात गेलं, मोबाइल घरीच पलंगावर विसरलं, आणि परत आलं ते चिखलाच्या हातानं सरळ ताटावर बसलं. "हात तरी धू बे, बैलोबा!" असं माझं चाललं होतं, तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. विलासभाऊजींचा... म्हणजे माझा धाकटा दीर, प्रज्ञाचा नवरा. मी उचलला. तिकडून अकोल्याच्या दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणाला खुर्ची सरकवायला सांगत होतं. मग भाऊजी म्हणाले, "वहिनी, गेली वो." एवढंच. मी सुजातकडे पाहिलं. त्यानं घास ताटात ठेवला आणि उठून मोरीत हात धुवायला गेला. किती तरी वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात पुष्कळ जण बोलले. प्राध्यापक मॅडम, समाजाचं भूषण, लेकरांच्या पोटाचा अभ्यास करणारी बाई... सगळं खरं. माइक माझ्याकडेही आला होता, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मला गप्प बसलेली पाहून आमचे हे घाबरलेच. म्हणून आता लिहिते आहे. ती माझी जाऊ होती. जावाजावांचं नातं काय असतं ते ज्यांना जाऊ आहे त्यांनाच कळेल. एका चुलीवर भाकरी थापायच्या आणि एकमेकीच्या भाकरीचा काठ जळला की मनात खूश व्हायचं. आमचंही तसंच होतं. त्यात ती मेहकरची, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि मी बारावीनंतर सरळ कपाशीच्या वावरात उतरलेली.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. प्रज्ञा लग्न होऊन आली तेव्हा दारात दोन म्हशी होत्या. दिवसाआड घुसळण व्हायचं आणि गल्लीतल्या बाया तांबे घेऊन ताकाला यायच्या. ताक विकायचं नसतं, नाही म्हणायचं नसतं, ही सासूबाईंची शिस्त. नवी नवरी एक दिवस त्या माठापुढे बसून म्हणाली, "आई, या विरजणात जिवंत जीव असतात. लाखोंनी. आपण पितो ते पोटात जातात." सासूबाईंचा हात रवीवरच थांबला. "म्हंजे आपण जित्ते जीव पितो? माय वो!" आणि मी मागून म्हटलं, "रविवारी कोंबडं कापताना तुम्हाले कधी पाप नाही वाटलं ते?" सगळे हसले. प्रज्ञाही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिचं ते हसू पुढं फार थोडे वेळा पाहायला मिळालं.

मग बीटी कपाशी आली. पहिली एक-दोन वर्षं अशी गेली की ज्याच्या त्याच्या तोंडी तेच बियाणं. बोंडअळी मरते, बोंडं लदबदून लागतात. आमच्याकडेही ज्वारीचं वावर मोडून सगळीकडं कपाशी झाली. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, कडबा नाही म्हणजे म्हशी काय हवा खातील? म्हशी गेल्या. घुसळण बंद झालं आणि गल्लीतल्या बाया तांबे घेऊन यायच्या थांबल्या. चहापुरतं दूध बाहेरून येऊ लागलं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही. शेण काढायचं वाचलं म्हणून मी तर मनातल्या मनात खूशच होते.

त्याच वर्षी आम्हा दोघींना एकदम दिवस राहिले. माझं दुसरं, तिचं पहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती मेहकरला गेली, आणि तिथल्या दवाखान्यात पोट फाडून मुलगी झाली. टाके पिकले, ताप आला, दूध आटलं. यशोधराला, आमच्या यशूला, बाटली लागली ती तेव्हापासून. माझा सुजात तर गाडी यायच्या आत घरीच झाला, शेजारच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हातावर. प्रज्ञा लेकीला घेऊन परत आली तेव्हा दोन्ही लेकरं पालथी पडायला लागली होती. ती बाटली उकळायची, बूच उकळायची, चमचा उकळायची. मी चिडवायची, "प्रज्ञा, आता पोरीलेच तेवढं उकळाचं राह्यलं बरं." ती चमचा परत पाण्यात टाकायची. लेकरू अंगावर पीत नाही याचं तिला फार दुःख होतं, ते मला समजत होतं आणि तरी मी चिडवायची. जीभच तशी आहे माझी.

त्या हिवाळ्यात कापूस असा निघाला की ठेवायला जागा नाही. भाव नव्हता, म्हणून गंजी घरातच लागली. माजघर, पुढची खोली, जिन्याखालची जागा, सगळीकडं छताला टेकेल असा पांढरा कापूस. आम्ही त्याच्यावरच झोपायचो. ऊब छान, पण बारीक लव नाकातोंडात जायची आणि घर सगळं खोकायचं. यशूला जास्त. पिंपळगावच्या डॉक्टरनं गुलाबी रंगाचं औषध लिहून दिलं. ते संपलं की खोकला परत, खोकला आला की परत तेच औषध. सुजातही खोकत होता, पण मी त्याच्या छातीला ओव्या-लसणाचं तेल चोळायची. माझ्या अंगी काही शहाणपण होतं असं कुणी समजू नये. दवाखान्यात जायचं तर वेचणीचा दिवस बुडतो, एवढंच.

दोन्ही लेकरांना सासूबाई त्या गंजीवरच टाकायच्या. मऊ, गरम, पडायची भीती नाही. आम्ही जावा वावरात. एक दिवस दुपारी परत आलो तर सुजातला उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. सासूबाईंनी त्याला पुसून घेतलं होतं आणि घाण झालेला कापूस... तो त्यांनी फेकला नाही. वरचा पांढरा कापूस त्याच्यावर ओढला आणि डाग आत ढकलून दिला. आमच्याकडं ही रीतच होती. किडकी कवडी म्हणा, दवानं ओला झालेला म्हणा, डागी माल गंजीच्या पोटात घालायचा, म्हणजे मोजताना दिसत नाही. म्हातारीच्या हाताला तेवढंच ठाऊक. आणि त्याच गंजीवर, त्याच जागी, संध्याकाळपर्यंत यशू खेळत होती. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणाच्या मनात काही आलं नाही.

सुजात मीठ-साखरेच्या पाण्यावर आणि माझ्या दुधावर होता. मलूल झाला, सुकला, आणि मग एका सकाळी मला चावला. तेव्हा मी ओळखलं की कारटं बरं झालं. तोवर यशूला हगवण लागली होती. प्रज्ञानं काही कमी केलं असं कुणी म्हणू नये. ती चमच्याचमच्यानं पाणी देत होती, पोरगी ते फेकत होती. टाळू खाली गेली, डोळे आत गेले. रडणं बंद झालं तेव्हा आम्ही जीप केली. सुजातला सासूबाईंकडे देऊन मी सोबत बसले. खामगाव जवळ आलं आणि पुढं कापसाच्या गाड्या... जिनिंगच्या फाटकापासून निघालेली रांग, बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर, रस्ता पांढरा. विलासभाऊजी उतरून पळत सुटले, हात जोडत, गाड्या बाजूला घ्या म्हणत. लोक वाईट नव्हते. ज्यांना कळलं त्यांनी जू खांद्यावर घेऊन गाड्या ढकलल्या. पण पुष्कळ गाड्यांचे बैल सोडलेले, गाडीवान चहाला गेलेले. आम्ही तिथंच अडकून राहिलो. प्रज्ञा मांडीवरच्या लेकराच्या ओठाला चमचा लावत होती, पाणी गालावरून खाली येत होतं, ती पुसत होती आणि परत लावत होती. मला दिसत होतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "प्रज्ञा, थांब आता." ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "थांबू काऊन?"

यशूच्या मातीवरून परत आलो तेव्हा सुजात सासूबाईंच्या मांडीवर टाळ्या वाजवत होता. लेकरू ते, त्याला काय कळतं. प्रज्ञा उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एकच घर, एकच विहीर, एकच गंजी. हा काऊन वाचला?" मी झटकन पुढं होऊन त्याला उचलून घेतलं.  तिच्या दुःखानं मी अर्धी मेले होते आणि त्याच वेळी मला तिचा राग आला होता, दोन्ही खरं आहे. त्यानंतर आमच्या घरात हा 'का'चा प्रश्न राहायला आला आणि गेलाच नाही. त्या कापसाला चार-आठ दिवसांत गिऱ्हाईक लागलं. खोल्या रिकाम्या झाल्या, फरशी दिसू लागली.

सगळे म्हणायचे, वय काय गं तुझं, अजून होईल. ती म्हणायची, "आधी समजू द्या." लोकांना वाटलं, डोकं फिरलं. ती अमरावतीला जाऊन एम.एस्सी. झाली, मग खामगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. भाऊजींनीही तिकडंच खोली केली. माणूस सोन्यासारखा, एका शब्दानं तिला अडवलं नाही. दुसरं मूल काही झालं नाही. सुटीच्या दिवशी दोघं गावी यायची, आणि मी कांदा चिरत असले की ती ओट्याला टेकून मला शिकवायची. वर्गात पोरं झोपतात, म्हणे, तुम्ही तरी भांडता, ताई.

तिनं सांगितलेलं मला समजलं ते असं. लेकरू जन्मतं तेव्हा त्याचं आतडं म्हणजे स्टॅंडवर उभी असलेली रिकामी एसटी. आईच्या अंगातून, दुधातून, घरातून जिवाणू येतात आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. चांगली माणसं आधी बसली की मागून येणाऱ्या गुंडाला जागा मिळत नाही. शिवाय हे जिवाणू नुसते बसत नाहीत, आतड्याच्या भिंतीला तालीम देत असतात. कुणाला येऊ द्यायचं, कुणाला हाणायचं, ते शरीर त्यांच्यासोबत राहून शिकतं. लेकरांना हगवण लावणारा तो रोटा नावाचा विषाणू त्याच भिंतीवर येऊन बसतो. "ताई, माझ्या यशूची एसटी मीच रिकामी केली," ती म्हणायची. "पोट फाडून झाली, अंगावर पाजलं नाही, वरून ते गुलाबी औषध. खोकल्याला त्याचा उपयोग नव्हता, पण आतले सगळे रुमाल त्यानं उचलून फेकले. कापसात ठेवलं म्हणून खोकला, खोकला म्हणून औषध..." मी म्हणायची, "बस्स कर वो बाई." ती बस्स करायची नाही. कितीक वर्षं तिनं हा आरोप स्वतःवर ठेवला. कुणी तिला जेवायला वाढलं की ती दह्याची वाटी बाजूला सारायची, आता काय उपयोग म्हणून.

आणि मग एका रविवारी ती आली ती वेगळीच. चेहरा पांढराफटक. मला वाटलं भाऊजींना काही झालं. तर म्हणे, उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं आहे की औषध देऊन आतले जिवाणू मारले तर रोटा उलट कमी लागतो. काही विषाणू तर जिवाणूंना चिकटून, त्यांचाच हात धरून आत शिरतात. म्हणजे रुमाल टाकून बसलेल्यांतलेच काही गुंडाला खिडकीतून ओढून घेणारे निघाले. दही-ताकातल्या जिवाणूंच्या गोळ्यांचंही तसंच, काही लेकरांना गुण आला, काहींना नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "मंग झालं तर! औषधानं काही झालं नव्हतं. सुटलीस तू." ती खाली बसली, भिंतीला डोकं लावून, आणि असं रडली की शेजारच्या बाया दारात आल्या. "ताई, मंग काऊन?" एवढंच म्हणत होती. "औषध नाही तर मंग काऊन?" मला वाटलं होतं गुन्हा माफ झाला की माणूस हलकं होतं. तिचा तर हातातला शेवटचा दोरही गेला होता.

त्यानंतर काही वर्षांनी ते डब्याचं झालं. तोवर बीटीची मिजासही उतरली होती. बोंडात गुलाबी अळी परत आली, फवारणीच्या वासानं गाव ओकत होतं, कपाशी उपटून फेकायची पाळी आली होती. प्रज्ञा अशात एक दिवस फोनवर म्हणते, "ताई, उंदरांच्या आतड्यात धाग्यासारखा एक जिवाणू सापडला. तो असला की रोटा लागतच नाही. माणसांत तो तसा असतो का ते नक्की नाही. पण मले सुजातचा नमुना पाहिजे." मी म्हटलं, "कशाचा नमुना?" तिनं सांगितलं. मी फोन कानापासून लांब धरला. मिशा फुटायच्या वयाचं पोरगं ते, त्याला काय सांगू, काकूला तुझं परसाकडचं पाहिजे? आधी मी तिला सोलूनच काढली. "तुले समजते का तू काय मागून राह्यली ते? लोक आहेर मागतात, तू हे मागून राह्यली?"  मग ती हळूच म्हणाली, "ताई, तो वाचला ना. त्याच्यातच असीन तर असीन."

सुजात तर आधी पळूनच गेला. दुसऱ्या दिवशी लालबुंद होऊन तिनं पाठवलेली छोटी बाटली माझ्या हातात न देता ओट्याखाली ठेवून शाळेत गेला. थंड राहिलं पाहिजे असं ती म्हणाली होती. बर्फ घालायला घट्ट झाकणाचं भांडं घरात एकच, माझ्या मामानं लग्नात दिलेला स्टीलचा डबा, झाकणावर माझं नाव कोरलेला. पिशव्यांवर पिशव्या बांधून ती बाटली त्यात बर्फात रोवली आणि मी स्वतः खामगावच्या गाडीत बसले, डबा मांडीवर. कंडक्टर ओळखीचा. "काय वहिनी, जाऊबाईले काय चालवलं? शेवया का?" म्हटलं, "शेवयाच, पण तुम्हाले द्यायच्या नाहीत." स्टॅंडवर प्रज्ञा घ्यायला आली होती. तिला हे सांगितलं तर ती तिथंच, माणसांत, पोट धरून हसली... विरजणाच्या दिवशी हसली होती तशी. मी बजावलं, "मामाचा डबा आहे, धुऊन उकळून परत पाहिजे." ती म्हणाली, "तुमच्याकडून आलेला डबा रिकामा कसा देऊ, ताई? उत्तर भेटलं की भरून देतो."

उत्तर भेटलं नाही. तिनं कुठं कुठं पाठवलं, कुणाकुणाच्या हातापाया पडली, मला सगळं ठाऊक नाही. शेवटी एकदा म्हणाली, "आताचं पोट आताचं, ताई. तेव्हाचं तेव्हाच गेलं. त्या हिवाळ्यातलं त्याच्यात काही उरलं नाही, आणि यशूचं तर..." मी विषय बदलायला म्हटलं, "मंग माझा डबा दे." ती म्हणाली, "भरल्याशिवाय नाही." मग हा आमचा खेळच झाला. सणावारी भेटलो की मी डबा मागायची, ती नाही म्हणायची. त्याच सुमारास गावात रोटाचे थेंब आले. अंगणवाडीत लेकरांच्या तोंडात थेंब पडताना ती दाराशी उभी असायची. बायांना हाताला धरून आणायची, थेंब चुकवू नका म्हणायची, आणि घरी आल्यावर मला सांगायची की हे थेंबसुद्धा गरिबाच्या लेकराला कमी लागू पडतात, बहुतेक पोटातल्या जिवाणूंमुळंच. तरी द्यायचेच. "यशूच्या वेळी एवढं जरी असतं..." असं तिनं एकदाच म्हटलं.

मागच्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. अकोल्याला औषधं सुरू झाली, केस गेले, तोंड आलं. मी शेवटचं भेटले तेव्हा जेवणाचा डबा घेऊन गेले होते. ज्वारीच्या पातळ कण्या आणि सोबत ताकाची बाटली, मुद्दाम एकीकडून मागून आणलेली. नर्सनं बाटली बाहेरच ठेवायला लावली. मी भांडायला उभी राहिले तर प्रज्ञाच म्हणाली, "ताई, बरोबर आहे त्यांचं. मले दही-ताक बंद आहे. जित्तं काहीच खायचं नाही. अंगात लढणारं कोणी उरलं नाही, तर हेच जिवाणू रक्तात चढतात." सगळा जन्म जिच्या तोंडी जिवाणू, तिलाच ताकाचा घोट मना! ती हसायला गेली पण ओठ फाटले होते. म्हणाली, "आता मायं पोट म्हणजे यशूचं पोट. कोरं. आता समजते तिले कसं वाटलं असीन."

मी तिचे पाय चेपत बसले.  मग ती एकाएकी म्हणाली, "सुजात कसा आहे?" म्हटलं, "आहे. खातो अन् माझ्या शिव्या ऐकतो." ती छताकडे पाहत होती. "ताई, एक सांगतो. तुमी मनात असं धरलं असीन की प्रज्ञानं सुजातवर कधी राग नाही धरला. तसं नाही. मी धरला. त्याच्यापासून यशूले लागली हे मले अमरावतीलेच समजलं होतं. आईनं कापूस आत ढकलला थेही मी पाहिलं होतं." माझे हात थांबले. ती म्हणाली, "दाबा न, थांबू नका. तो शाळेतून पळत येऊन काकू म्हणून मिठी मारे, तेव्हा मायं अंग आकसून जाय. म्हणून मी शोधत होती. पोटात काही सापडलं असतं, असं काही की तिले कुठूनही लागलंच असतं, तर मंग त्याच्यावर राग धराची गरज नव्हती. लेकरू ते... त्याची काय चूक?" मी विचारलं, "आता आहे का राग?" तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कमी झाला. गेला नाही." मी रडले, तिथंच, तिच्या पायांवर डोकं ठेवून. मला तिची चीड यायला हवी होती, माझ्याच पोराबद्दल बोलत होती ती. आली नाही. तिच्या जागी मी असते तर मी त्या लेकराचं तोंड पाहिलं नसतं, आणि ही बाई त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला खामगावहून पेढे आणायची.

सुजातला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. हा लेख छापून आला की तो वाचेल. वाचू दे. मोठा झाला आहे आता. त्याच्या काकूनं त्याच्यावर केलेलं प्रेम फुकटचं नव्हतं, रोज ओढून आणलेलं होतं, हे त्याला ठाऊक असलेलं बरं.

मागच्या आठवड्यात विलासभाऊजी आले. खामगावची खोली सोडतो म्हणाले, वावरात तुमच्यासोबतच हात लावीन. एवढंसं तोंड झालं आहे त्यांचं. पिशवीतून त्यांनी डबा काढून माझ्यापुढं धरला. स्टीलचा, झाकणावर माझं नाव. मी सवयीनं बोलून गेले, "भाऊजी, डबा असा रिकामा देतात काय वो कोणी?" भाऊजी डब्याकडंच पाहत होते. म्हणाले, "दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तिनंच उकळत्या पाण्यात धुऊन ठेवला होता. म्हणे, ताईले देजा आणि सांगजा, भराले काही भेटलं नाही."

मी झाकण काढून पाहिलं. आत कशाचा वाससुद्धा नव्हता. भाऊजींना चहा दिला, त्यांची गोधडी सुजातच्या खोलीत टाकली. डबा तेव्हापासून ओट्यावरच आहे. फडताळात ठेवला नाही, त्यात काही भरलंही नाही. शेजारच्या बाईनं आता एक म्हैस घेतली आहे, तिच्याकडचं दूध येतं. संध्याकाळी विरजण लावताना हात त्या डब्याकडं जातो, आणि मी दुसरं भांडं घेते.